इंजिन बंद झालं तरी दाब संपत नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण येत नाही, हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. आठवीत १५ ऑगस्टला दुसऱ्याच वाक्यावर अडकलो होतो आणि बाईंनी खुणेनं खाली बसवलं होतं. त्या बाई आज पहिल्या रांगेत आहेत. बाई, आज अडकलो तर तशीच खूण करा.

संयोजकांनी सांगितलं, की तुझ्या कामाबद्दल बोल. आता आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, तहसील कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर असलेले आहेत, पुण्यात संगणकावर काम करणारे आहेत. माझं काम म्हणजे तेलानं माखलेले हात. दारव्हा रोडवर, आपल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळ माझं वर्कशॉप आहे. ट्रॉलीचे जॅक, ट्रॅक्टरची लिफ्ट, जेसीबीचे सिलिंडर आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या प्रेसचे पंप. थोडक्यात, तेलाच्या दाबावर जे जे हलतं, ते हलेनासं झालं की लोक माझ्याकडे येतात. हायड्रॉलिक म्हणजे तेच.

तर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. अमेरिकेहून. आपल्यातलाच एक, तिसऱ्या बाकावर बसणारा. नाव सांगत नाही, तो स्वतः आज येऊ शकला नाही आणि त्यानं सांगितलंय, की माझी फजिती सांग पण नाव नको. मी नाव झाकतो, तुम्ही ओळखायचं ते ओळखा.

"काय बे, झोपला होता का?"

"नाही, चहा घेऊन राह्यलो. तू बोल."

"अबे, घराची भिंत बाहेर गेली, आता आत येऊन नाही राह्यली."

मला वाटलं, घर पडलं याचं. मग त्यानं व्हिडिओवर दाखवलं. त्यानं जुनं मोटारहोम घेतलं आहे. म्हणजे बसएवढी गाडी, तिच्यातच पलंग, ओटा, संडास सगळं. रस्त्यावरून जाताना ती रुंदीला बसएवढीच असते, पण मुक्कामाला थांबली की बटण दाबायचं आणि तिची एक बाजू भिंत, खिडकी, सोफ्यासकट बाहेर सरकते. टेबलाचा खण ओढावा तशी. खोली दोन-तीन फुटांनी मोठी होते. याला स्लाइड-आउट म्हणतात. निघताना तो खण परत आत घ्यावाच लागतो, कारण तो बाहेर ठेवून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. याचा खण वीतभर आत येऊन थांबला होता. बाहेर कडाक्याची थंडी, फटीतून वारा आत येतोय, दुसऱ्या दिवशी सकाळी जागा रिकामी करून द्यायची, आणि गाडीत त्याची आई. आपल्या लोहाऱ्याची काकू. तिच्या हातचे शेंगोळे आपण सगळ्यांनी खाल्ले आहेत. मागून तिचा आवाज आला, "बाबू, या घराची भिंत कवा आत जाईन रे?"

मी म्हटलं, काकू, पाहतो.

मी अशी गाडी आयुष्यात पाहिलेली नव्हती. पण ती आतून मला नवी नव्हती. एक बॅटरीवर चालणारी मोटर, तिला जोडलेला पंप, तेलाची टाकी, तेल कुठे पाठवायचं ते ठरवणारे व्हॉल्व्ह, आणि भिंत ढकलणारे-ओढणारे जॅक. आपल्या ट्रॉलीत हेच असतं. फरक एवढाच, की ट्रॉलीचा पंप ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालतो आणि जॅक डाला वर उचलतो. इथे जॅक भिंत आडवी सरकवतो.

मी विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात तो म्हणाला, "मी पाना घेतला हातात. जॅकच्या पाइपचा नट ढिला करतो, दाब निघून जाईन, मग आम्ही दोघं मिळून ढकलतो भिंत."

आणि मी फोनवर ओरडलो, "थांब! हात लावू नको!" घरातली सगळी बाहेर आली, काय झालं म्हणून.

मी का ओरडलो, ते सांगतो. ते सांगण्यासाठीच आज इथे उभा आहे.

आपल्या विज्ञानाच्या सरांचा तो तास आठवा. सरांनी दवाखान्यातून दोन सिरिंज आणल्या होत्या, एक जाड, एक बारीक. मध्ये सलाइनची नळी. आत पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. वर्गातल्या सगळ्यात तगड्या मुलाला, जो तालमीत जायचा, त्याला जाड सिरिंजचा दांडा दाबून धरायला सांगितला. बारीक सिरिंज माझ्या हातात दिली, कारण वर्गात सगळ्यात वाळका मीच. मी एका बोटानं दाबलं आणि त्याचा अंगठा मागे सरकला! वर्ग हसला. सरांनी फळ्यावर लिहिलं: पास्कलचा नियम. कोंडलेल्या द्रवाला एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. जिथे क्षेत्रफळ जास्त, तिथे जोर जास्त. सर म्हणाले, फुकट काही मिळत नाही, बारीक दांडा लांब जातो तेव्हा जाड दांडा थोडासाच सरकतो.

पास्कल सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. त्याच्या नियमावर इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, त्या प्रेसचं मूळ तिथेच आहे. मी दहावीनंतर आयटीआय केलं आणि पहिली नोकरी धरली ती जिनिंगच्या प्रेसवर, तेव्हा मला सरांची जांभळी सिरिंज आठवली होती. हिशेब पाहा: दहा सेंटिमीटर व्यासाचा जॅक घ्या. आतल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब १५० बार असला, तर तो जॅक जवळजवळ १२ टन उचलतो. बालटीभर तेलात ही ताकद.

पण सरांच्या त्या तासाला एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मी दाबणं थांबवलं, पण त्यानं जाड दांड्यावर भार तसाच ठेवला आणि नळी मध्येच चिमटली, तर आत दाब राहील की जाईल? राहील. भार आहे तोवर दाब आहे. हे मला परीक्षेत कुणी विचारलं नाही. ते मी एका शेतात शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं दिली.

स्वतःचं दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. मुरुमाची ट्रॉली. डाला अर्धा वर जाऊन अडकला. लिव्हर खाली केली तरी खाली येईना. मालक घाईत, पावसाचं वातावरण, आणि मला माझी हुशारी दाखवायची घाई. मी ट्रॅक्टर बंद करायला लावला. मनात म्हटलं, इंजिन बंद, पंप बंद, म्हणजे दाब संपला. टेकू लावला नाही. डाल्याखाली गेलो आणि जॅकच्या पाइपचा नट पान्यानं फिरवला. माझ्याबरोबर दुकानातला पोरगा होता, एकोणीस वर्षांचा. तो चेसिसला हात टेकवून मला बॅटरी दाखवत होता.

दुसऱ्या आट्याला तेलाची चिळकांडी उडाली आणि डाला खाली आला. मी आडवा पडलेलो असल्यानं वाचलो. त्याचा उजवा हात डाला आणि चेसिसच्या मध्ये सापडला. यवतमाळला नेलं. दोन बोटं गेली.

नंतर ट्रॉली पाहिली, तर जॅक चांगला, सील चांगलं, पंप चांगला. ट्रॅक्टरला पाइप जोडतात ते कपलिंग पुरतं बसलेलं नव्हतं. वर जाताना पंपाच्या जोरानं तेल त्यातून घुसलं. परत येताना आतल्या गोळीनं वाट अडवली. सगळा दोष एवढाच. डाल्याला टेकू लावायचा, मग कपलिंग पाहायचं. दहा मिनिटांचं काम होतं. डाल्याखाली जायची गरजच नव्हती.

तो मुलगा आजही माझ्याबरोबर आहे. आता मुलगा कसला, त्याचीच पोरं कॉलेजात आहेत. दुकानाचा सगळा हिशेब तो तीन बोटांत पेन धरून लिहितो, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्यानं मला कधी बोल लावला नाही. मी मात्र रोज सकाळी शटर उघडताना तो हात पाहतो. आज इथे हे सांगू का, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, "सांगा ना भाऊ. कुणाचा तरी हात वाचंन."

म्हणून मी फोनवर ओरडलो.

मग अमेरिकेतल्या मित्राला म्हटलं, पाना खाली ठेव. भिंतीच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही, काकूला पुढच्या सीटवर बसव. आता मी विचारतो, तू फक्त पाहून सांग.

पहिलं, वाटेत काही अडकलंय का? वर फांदी, खाली पायदान, आत एखादी बॅग? त्यानं टॉर्च घेऊन आतून-बाहेरून पाहिलं. काही नव्हतं. हँडब्रेक ओढलेला आहे का? बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय खण हलतच नाही. ओढलेला होता.

दुसरं, गाडी समतल करायचे पायाचे जॅक याच पंपावर चालतात का? हो. मग त्यातला एक जरासा हलवून पाहा. तोही रडतरडत हलला. इथे अर्धं काम झालं. एकच भाग चालत नसेल तर दोष त्या भागाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा जॅकमध्ये शोधायचा. सगळेच मंद असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेत: वीज, पंप किंवा तेल. म्हणजे जो नट तो उघडणार होता, त्याचा बहुतेक काही संबंधच नव्हता.

तिसरं, आवाज ऐकव. मी त्याला फोन पंपाजवळ धरायला सांगितला. मोटर अजिबात बोलत नसेल तर वीज पोचत नाही: फ्यूज, स्विच, रिले. मोटर हलकी, मोकळी पळत असेल आणि काम होत नसेल तर पंपाला तेल मिळत नाही किंवा तेल मधूनच परत फिरतंय. आणि मोटर कण्हत असेल तर तिला वीज कमी पडतेय किंवा भार जास्त झालाय. ही कण्हत होती. शिवाय बटण दाबलं की आतले दिवे मंद होत होते. ते तर काकूनंच सांगितलं. "बटन दाबलं का लाइट मरतो रे बाबू." निम्मं निदान तिचं आहे.

मल्टिमीटर त्याच्याकडे होता. बटण दाबलेलं असताना बॅटरीच्या टोकांवर १२.२ व्होल्ट. ठीक. तेव्हाच पंपाच्या मोटरवर मोजलं, तर ९. मधले तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मोटरच्या बॉडीला लावायला सांगितलं. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसले अडीचच्या वर. चोर सापडला: अर्थिंग. कॅम्पची लाइन काढायला लावली, बॅटरीचं निगेटिव्ह सोडवायला लावलं. चेसिसवर अर्थिंगचा बोल्ट होता, त्याच्याखाली गंज आणि पांढरी भुकटी. पॉलिश पेपरनं लखलखीत घासला, घट्ट आवळला, सगळं परत जोडलं.

"आता दाब बटण."

भिंत सरसर आत गेली. काकूनं टाळ्या वाजवल्या, त्या मला इथे ऐकू आल्या.

अजून एक गोष्ट. मधल्या काळात त्यानं तेलाच्या टाकीत डोकावून पाहिलं होतं. तेल खुणेच्या खाली होतं, म्हणून तो एक कॅन ओतायला निघाला होता. मी थांबवलं. दांडा बाहेर असताना जॅकच्या पोटात जास्त तेल असतं, म्हणून टाकीत कमी दिसतं. जॅक आत घेतले की ते परत येतं. भिंत आत गेल्यावर त्यानं पाहिलं, तेल बरोबर खुणेवर. आधी भरलं असतं तर उतू जाऊन सगळ्या गाडीखाली सडा पडला असता. आपल्या ट्रॉलीचंही तेच आहे. डाला खाली बसवून, लिफ्ट खाली टेकवून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मग तेल पाहायचं.

आता इथे ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले किती जण आहेत? हात वर करा. पाहा, निम्मं सभागृह. मग तुमच्यासाठी थोडं कामाचं सांगतो.

तेलाचा रंग पाहत जा. दुधासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. फेस येत असेल तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय. डाला झटके देत वर जातो तो त्यामुळेच. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरचं तेल एकच असतं, त्यामुळे दुर्लक्ष केलं तर लिफ्टबरोबर गिअरही जातो. डाला वर नेऊन ठेवल्यावर हळूहळू बसत असेल, तर आधी जॅक बाहेरून पुसून पाहा. आपल्या साध्या ट्रॉलीच्या जॅकचं सील गेलं तर तेल बाहेर दिसतंच. बाहेर थेंब नाही आणि डाला तरी बसतोय, म्हणजे तेल ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून परत जातंय. सील किट बदलायला पैसे घालू नका. सांगतो कोण? ज्याचा धंदा सील किट विकण्याचा आहे तो.

पाइपमधून तेल झिरपतंय का, ते हातानं चाचपून कधीही पाहू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाचं तेल निघालं तर ते कातडीतून आत घुसतं. वरून काटा टोचल्यासारखं दिसतं, फारसं दुखतही नाही, आणि आतून हात सडायला लागतो. पुठ्ठा धरून पाहा, ओला झाला की कळतं. आणि तसं टोचलंच, तर घरी हळद लावत बसू नका. त्याच तासाला सर्जनकडे जा आणि सांगा, हायड्रॉलिकचं तेल आत गेलंय.

आणि शेवटचं. इंजिन बंद झालं म्हणून दाब संपत नाही. भार खाली टेकला किंवा टेकूवर बसला, मग लिव्हर दोन्हीकडे फिरवून उरलेला दाब सोडला, की मगच पान्याला हात लावायचा. वर उचललेल्या डाल्याखाली टेकूशिवाय कुणीही जायचं नाही. मालक नाही, मिस्त्री नाही, आणि "जा रे, जरा पाहून ये" म्हणून पाठवलेलं पोरगं तर नाहीच नाही.

संयोजकांनी सांगितलं होतं, की प्रत्येकानं शाळेला काहीतरी भेट द्यावी. मी दोन गोष्टी आणल्या आहेत. एक, विज्ञानाच्या खोलीसाठी: छोटी ट्रॉली, तिला दोन सिरिंजांचा जॅक आणि मध्ये नळी चिमटायला क्लिप. डाल्यावर वजन ठेवा, क्लिप लावा, हात काढून घ्या. डाला वरच राहतो. क्लिप काढली की धाडकन खाली येतो. सर, जो प्रश्न तेव्हा राहून गेला, तो आता मुलांना नववीतच विचारता येईल.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. बाहेर माझी गाडी उभी आहे, तिच्यात लोखंडी टेकू आहेत, अँगल वेल्डिंग करून बनवलेले. आपल्या बॅचमधल्या ज्याच्या घरी ट्रॉली आहे, त्यानं एक घेऊन जायचा. पैसे नाहीत. कमी पडले तर दुकानात या, डाल्याचं माप सांगा, मी करून देईन. वाटपाची यादी तोच लिहिणार आहे, ज्याच्याबद्दल मी सांगितलं. दारापाशी वही घेऊन बसला आहे. त्याच्याकडे नाव लिहा, आणि त्याच्याशी हात मिळवून जा.

बाई, मी अडकलो नाही.